सात वाजताची नावं

राधा हिवराळेला कुणी वय विचारलं तर ती "बावन्न, आणि तुमचं?" असं विचारते आणि समोरचा सांगेपर्यंत हटत नाही. पाच फूट उंची, खांद्याला आरोग्यसेविकेची निळी पिशवी, पायात रबरी चपला. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत ती एकवीस वर्षं पोलिओचे डोस देत, टीबीच्या गोळ्या वाटत, गरोदर बायकांना दरडावत फिरली आहे. तिला माहीत नाही असं घर नाही. मी तिला आठ वर्षं ओळखते, आणि भांडलेही आहे पुष्कळदा. तरी हे लिहायला बसले, कारण त्या गुरुवारी जे झालं ते जो तो आपापल्या सोयीने सांगत सुटलाय. त्यात माझा भाग काही फारसा शोभेचा नाही, तोही सांगून टाकते.

आमचं केंद्र म्हणजे 'रेडिओ टेकडी'. डोंगर चढून आलं की एका ट्रस्टची इमारत लागते, तिच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मधे काच आणि वर गच्चीत एक खांब. हवा बरी असली तर आम्ही मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत ऐकू जातो. आमच्याकडे गाणी नाहीत. गाण्यांचे परवाने ट्रस्टला परवडत नाहीत, म्हणून सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत नुसती माणसं बोलतात. पाणी कुठे येणार नाही, डब्याला काय करावं, दाखला कुठे मिळतो, गुडघा का दुखतो, मुलांची गोष्ट, श्रोत्यांची पत्रं. मी शकु परुळेकर. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झाले आणि आता अकरा वाजता नोकऱ्यांच्या जाहिराती वाचून दाखवते. पगार कुणालाच नाही, राधाला तर मुळीच नाही.

राधाचा कार्यक्रम सकाळी सातचा, दहा मिनिटांचा. 'आजची नावं'. आपल्या भागात कोण गेलं, कुठे राहत होतं, पुढचा विधी कधी, एवढंच. बौद्धांचं पुण्यानुमोदन, कोकणातल्या लोकांचं बारावं, गुजराती घरातलं बेसणं, मुसलमानांचा चाळिसावा, ज्याचा त्याचा शब्द ती त्याच्या त्याच्या घरच्यासारखा वाचायची. नाव दोनदा घ्यायची. पहिल्यांदा सावकाश आणि दुसऱ्यांदा आणखी सावकाश.

हे तिने सुरू कसं केलं, ते ती कुणाला सांगत नाही. मला एकदाच सांगितलं. तिचे वडील ट्रॉम्बेला एका वसाहतीत माळीकाम करायचे. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी बसथांब्याजवळच्या टपरीवर एका माणसाबरोबर चहा प्यायचे. घरच्यांना त्या माणसाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. वडील गेले, सगळे नातेवाईक आले, सगळं यथासांग झालं. दीड महिन्याने राधा त्या टपरीवरून जात होती तर एक म्हातारा दोन चहा घेऊन बसलेला. तिने उगाच विचारलं, कुणाची वाट बघताय? तो म्हणाला, "माळीबुवांची. सहा शनिवार झाले, आले नाहीत. रागावले वाटतं." राधा सांगते, "शकुताई, वडील गेले हे त्याला मीच सांगितलं गं. सहा आठवडे तो माणूस आपलं काय चुकलं म्हणून विचार करत बसला होता." त्यानंतर महिन्याभरात ती आमच्या केंद्रावर आली आणि म्हणाली, मला सकाळची दहा मिनिटं पाहिजेत. ती मिळेपर्यंत ती पायरीवरून उठली नाही.

नऊ वर्षं हे चाललं. मग सुयोगसर आले.

सुयोगसर वाईट माणूस नाहीत. पस्तिशीचे आहेत, सगळ्यांना ताई म्हणतात, वाढदिवस लक्षात ठेवतात. ट्रस्टने त्यांना कार्यक्रमप्रमुख म्हणून आणलं. पहिल्याच बैठकीत त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला आणि म्हणाले, "दिवसाची सुरुवात डेथने? ताई, हे फार निगेटिव्ह आहे. लोकांना सकाळी एनर्जी पाहिजे." सातच्या जागी 'हसरी सकाळ' येणार होती. कुणीतरी अडीच मिनिटं चांगले विचार सांगणार, मग दीर्घ श्वास घ्यायला लावणार.

राधा म्हणाली, "आणि गेलेल्यांनी काय करायचं?"

"व्हॉट्सॲप आहे ना ताई."

"व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना कळतं. बाकीच्यांना कोण कळवणार?"

"बाकीचे कोण?" सरांनी खरंच न समजून विचारलं.

राधाने आमच्याकडे बघितलं. आम्ही आठ जण होतो त्या बैठकीत. मी माझ्या चष्म्याची काच पुसत होते. तशी ती स्वच्छच होती. खरं सांगते, मला भीती वाटली की मी तोंड उघडलं तर अकराचा कार्यक्रम जाईल, आणि तो गेला तर मी घरी बसून करू काय? तर मी काच पुसली. बैठक संपली.

पुढचे आठ दिवस लोक चिठ्ठ्या आणून देतच राहिले. केंद्रावर नाही, राधाच्या घरी, रस्त्यात, दवाखान्याच्या रांगेत. बुधवारी संध्याकाळी भटवाडीतून रुक्मिणी घाडी आली. साठीपुढची, किरकोळ बाई. तिचा नवरा चंद्रप्रकाश घाडी मंगळवारी सकाळी गेला होता. जन्म गिरणीत गेलेला माणूस, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात पहारेकरी झाला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी छातीत दुखून गेला. रुक्मिणी म्हणाली, "हे रोज सात वाजता तुम्हाला ऐकायचे. मध्ये बोललेलं चालायचं नाही. आजारपणात म्हणाले, माझं नाव राधाबाईंनी घ्यावं. दुसरं काही मागितलं नाही हो त्यांनी."

राधाने तिला केंद्रात काय झालंय ते सांगितलं नाही. म्हणाली, "उद्या सकाळपासून रेडिओ लावून बसा. वेळ सांगत नाही, पण दिवसभरात नाव येईल."

रुक्मिणी गेल्यावर राधा आम्हाला एकेकाला जिन्यात गाठू लागली. तिच्याकडे तेवीस चिठ्ठ्या जमल्या होत्या. तिचं म्हणणं साधं होतं: सातचा कार्यक्रम काढलाय ना, मग बाकीच्या कार्यक्रमांत वाटून घ्या. प्रत्येकाने तीन-चार. मी म्हणाले, "राधा, सरांना कळलं तर?" ती म्हणाली, "कळणारच. रेडिओ आहे तो, तिजोरी नाही." मग माझ्या हातात चार चिठ्ठ्या कोंबल्या. म्हणाली, "वरचं नाव गेलेल्याचं, खालचं कळवणाऱ्याचं. मधलं चुकलं तरी चालेल, ही दोन चुकवू नका." चष्मा पुसायला तिने मला वेळच दिला नाही.

घाडींची चिठ्ठी तिने अनिरुद्धला दिली. अनिरुद्ध म्हणजे आमचा स्पर्धापरीक्षावाला, चोवीस वर्षांचा, साडेबाराला परीक्षेच्या तयारीबद्दल बोलतो. त्यालाच का? कारण साडेबारा ते दीड सुयोगसर जेवायला खाली जातात आणि जेवताना फोनवर असतात. सगळ्यात जपायचं नाव सगळ्यात सुरक्षित वेळेत. हिशोब बरोबरच होता तिचा.

गुरुवार उजाडला. सात वाजता 'हसरी सकाळ' हसली. साडेसातला पाणी आणि रस्ते सांगणाऱ्या नितेशने सांगितलं की अमक्या गल्लीत खोदकाम सुरू आहे, "तिथूनच काल मगनभाई छेडा यांची अंत्ययात्रा गेली, बेसणं उद्या पाच वाजता, गाड्या मागच्या रस्त्याने आणाव्यात." इतकं सहज की मी घरी चहा गाळताना थांबलेच. नऊ वाजता डब्याच्या कार्यक्रमात अपूर्वाने कुळथाची पिठी सांगितली. आणि म्हणाली, ही कृती मला पार्कसाइटच्या सरस्वती नाईक यांनी शिकवली होती, त्या रविवारी गेल्या. मग एकदम तिचा आवाज फुटला. चिठ्ठी तिला कुणीही दिलेली असो, कृती खरंच त्या बाईंची होती. पिठीत कोकम कधी घालायचं ते सांगायचं राहूनच गेलं, आणि त्यावर दिवसभर फोन येत राहिले.

अकराला मी. सुयोगसर काचेपलीकडे लॅपटॉप उघडून बसलेले. मी वाचलं, "विक्रोळीच्या एका सोसायटीत लिफ्टमनची जागा भरायची आहे. ही जागा श्री. भीमराज वाकोडे यांच्या निधनामुळे रिकामी झाली असून त्यांनी ती एकोणीस वर्षं सांभाळली. पुण्यानुमोदन रविवारी सकाळी दहा वाजता." सरांनी मान वर केली. मी पुढची जाहिरात वाचली. मान खाली गेली. छत्तीस वर्षांत मी साहेबाच्या समोर एक चुकीचा स्वल्पविराम ठेवला नव्हता, आणि त्या दिवशी चार माणसं त्याच्या नाकाखालून नेली. बाहेर आले तेव्हा मला, या वयात, शिट्टी वाजवावीशी वाटत होती.

साडेबारा वाजले. सर खाली गेले. अनिरुद्धने आधी चालू घडामोडी सांगितल्या आणि मग स्वच्छ आवाजात वाचलं: "भटवाडीचे नंदकुमार गुराम यांचं मंगळवारी सकाळी निधन झालं. वय एकाहत्तर. बारावं पुढच्या शनिवारी राहत्या घरी. कळवणार, चंद्रप्रकाश गोविंद घाडी."

राधा तेव्हा वस्तीत होती. एका बाळंतिणीच्या घरी तिने हे ऐकलं आणि तिथून जी निघाली ती धावतच केंद्रावर आली.

झालं होतं ते असं. नंदकुमार गुराम हा रुक्मिणीचा भाऊ. त्याचं भटवाडीत फोटोफ्रेमचं दुकान आहे. बहिणीसाठी चिठ्ठी त्यानेच लिहिली, दुकानाच्या बिलाच्या कागदावर. वर ठळक छापलेलं: नंदकुमार गुराम, फ्रेम मेकर. त्याखाली त्याने तारीख, वय, विधी सगळं लिहिलं आणि गेलेल्याचं नाव लिहिलं सगळ्यात खाली. कारण फोटोत नाव खालीच येतं! तीस वर्षं तो मेलेल्यांची नावं तसबिरीच्या तळाशी लिहीत आलाय. त्याच्या हाताला दुसरी जागा माहीतच नाही. राधा रोज चिठ्ठी आपल्या अक्षरात उतरवून घेते, त्या दिवशी तेवीसमुळे तिने मूळ कागदच पुढे दिला. आणि अनिरुद्धने वरचं नाव गेलेल्याचं, खालचं कळवणाऱ्याचं, हा तिचा नियम तंतोतंत पाळला. पोरगा परीक्षेत पास होणार, मला खात्री आहे.

पावणेदोनला नंदकुमार गुराम तीन जिने चढून आला. घामाने डबडबलेला, सदऱ्याची बटणं वरखाली, हातात झेंडूचा हार.

"कोण तो? माका मारल्यान तो कोण?" तो ओरडला. "माझ्याच दुकानात माझ्याच फोटोक घालूक हार घेवन इलो एक जण! माझी बायको माका जेवाक वाढता हा, आणि खाली माणसां रडतत! कांदिवलीसून माझो साडू रिक्षात बसलो! आणि कळवणारो कोण, तर जो मेलो तो!"

सुयोगसर जेवून नुकते वर आले होते. त्यांनी दहा मिनिटांत सगळं काढून घेतलं, कारण अनिरुद्धला खोटं बोलता येत नाही. सकाळपासूनची रेकॉर्डिंग्ज काढून ऐकली. माझी लिफ्टमनची जागा त्यांनी दोनदा ऐकली. मग राधाकडे वळून शांतपणे म्हणाले, "ताई, हे मी याच्यासाठीच बंद केलं होतं. एका जिवंत माणसाला तुम्ही मारलंत." आणि गुरामपुढे कोरा कागद आणि आपलं पेन ठेवलं. "काका, तुम्ही लेखी तक्रार द्या. मी ट्रस्टकडे पाठवतो. असं पुन्हा होणार नाही."

राधा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "चूक माझी आहे. पोराची नाही. माझं नाव लिहा." तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली गेला होता. मला ते ऐकवेना.

गुरामने पेन उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं. मग हातातला हार टेबलावर ठेवला आणि विचारलं, "माझ्या घराक किती माणसां इली, ठावक आसा?"

"काका, त्याबद्दल खरंच सॉरी..."

"चवदा. एका तासात चवदा. बाजूचो जो दुकानदार माझ्याशी बोलणा नाय गेली धा वर्सां, त्येनी शटर अर्धा खाली केल्यान." तो थांबला. "मंगळवारी आमी भावजीक न्हेलो, तेव्हा आमी किती? सात. खांदो बदलूक माणूस नाय होतो. माझी बहीण दोन दिवस दारात बसान आसा, कोण येयत म्हणान. आज सकाळपासून रेडिओच्या म्होरं बसली हा. तिच्या नवऱ्याचा नाव येवचा होता, तिकडे भावाचा इला." त्याने पेन सरांच्या खिशात परत खोचलं. "माका तक्रार नको. माका दुरुस्ती व्हयी."

दुरुस्तीला सर नाही म्हणूच शकत नव्हते. केंद्राचा नियमच आहे, भिंतीवर टांगलेला: चुकीची माहिती गेली तर त्याच दिवशी दुरुस्ती. सर म्हणाले, "नक्की. साडेसहाला श्रोत्यांच्या पत्रांत एक ओळ टाकू. नंदकुमार गुराम हयात आहेत. बास."

"मी सवता सांगतलंय."

सरांचे डोळे चमकले. मेलेला माणूस रेडिओवर येऊन मी जिवंत आहे म्हणतो, हे त्यांना फार पॉझिटिव्ह वाटलं असावं. ते म्हणाले, "ब्रिलियंट! काका, तुम्हीच बोला. राधाताई, तुम्ही दिलगिरी व्यक्त करा, तीस सेकंद. आणि मग आपण या विषयावर कायमचा पडदा टाकू."

राधाने पिशवी उघडून आत बघितलं आणि बंद केली.

दुपारच्या डॉक्टरच्या आणि मुलांच्या गोष्टीच्या कार्यक्रमात सर काचेला नाक लावून बसले. एकही नाव गेलं नाही, त्या चिठ्ठ्या राधाच्या पिशवीत परत आल्या. तिकडे भटवाडीत रुक्मिणी रेडिओसमोर बसून गुडघेदुखी ऐकत होती.

साडेसहाला गुराम आणि राधा आत गेले. काचेअलीकडे मी, सर, अनिरुद्ध आणि बटणांवर प्रीतम, आमचा तंत्रज्ञ. लाल दिवा लागला. गुरामने माईक मुठीत धरला, तो प्रीतमने खुणेने सोडायला लावला.

"मी नंदकुमार गुराम," तो म्हणाला. "मी जिवंत आसंय. हार घेवन इलेल्यांचे आभार." सरांनी अंगठा दाखवला. गुरामने तिकडे बघितलंही नाही. "गेलो तो माझो भावजी. चंद्रप्रकाश गोविंद घाडी. गिरणीत तीस वर्सां काम केल्यान. कोणाक कधी मोठ्यान बोलाक नाय. चिठ्ठी लिवताना चूक माझी झाली, ह्या बाईची नाय. आता ती वाचतली, तां नीट ऐका." आणि माईक राधाकडे सरकवला.

राधाने चंद्रप्रकाश गोविंद घाडी हे नाव सावकाश घेतलं, आणि मग आणखी सावकाश. पत्ता सांगितला, बाराव्याचा दिवस सांगितला. तीस सेकंद संपले. तिने पिशवीतून उरलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि म्हणाली, "आठ दिवस नावं वाचली गेली नाहीत, त्याबद्दल दिलगिरी. आता वाचते."

"कट कर," सर म्हणाले.

प्रीतमने बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. "कट केलं तर काय लावू, सर? गाणी नाहीत ना आपल्याकडे."

"काहीही लाव!"

"काहीच नाहीये. कोणीतरी बोलायला लागेल." त्याने दुसऱ्या माईकची वायर सरांच्या पुढे धरली. "तुम्ही बोलता का? लाइव्ह करतो."

सर त्या माईककडे बघत राहिले. आत राधा कुर्ल्याच्या एका चार दिवसांच्या बाळाची चिठ्ठी वाचत होती. बाळाचं नाव ठेवलं नव्हतं, म्हणून तिने आईचं नाव घेतलं, दोनदा. सरांनी माईक हातात घेतला नाही. मला त्या क्षणी त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

तेवीसपैकी जेवढी राहिली होती तेवढी सगळी तिने वाचली. बाहेर आली तेव्हा सर म्हणाले, "ताई, तुम्ही उद्यापासून येऊ नका." आवाज चढवला नाही, फक्त फाइल घेऊन आत गेले. राधाने पाण्याची बाटली संपवली आणि मला म्हणाली, "चल, भटवाडीला जाऊन येऊ. त्या बाईला दिवसभर ताटकळत ठेवलंय मी."

घाडींचं घर तिसऱ्या मजल्यावर. आम्हाला पहिल्या मजल्यापासून चपलांवरून पाय टाकत जावं लागलं. गॅलरीत माणसं भिंतीला लागून उभी होती, आत दाटीवाटीने बसलेली. गुराम आमच्या पुढे होता, त्याला बघून दोन बायका दचकल्याच. रुक्मिणी कोपऱ्यात नवऱ्याच्या फोटोशेजारी बसली होती. राधाला बघताच तिने तिचा हात धरला आणि कानात म्हणाली, "हे सगळे कोण हो? मी यातल्या कुणालाच ओळखत नाही."

राधा म्हणाली, "मीही नाही. विचारू या की."

दाराजवळ बसलेल्या किराणावाल्या गुजराती बाईंना तिने विचारलं. त्या म्हणाल्या, "माझी सासू गेली तेव्हा हे बेसण्याला आले होते. ओळख काहीच नव्हती. म्हणाले, मी घाडी, रेडिओवर नाव ऐकलं." त्यांच्या शेजारची मुलगी, शीतल, म्हणाली, "पप्पांच्या पुण्यानुमोदनालाही होते. मागे बसले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. घाडी एवढंच नाव सांगितलं, आम्हाला वाटलं, पप्पांच्या कामावरचे कोणी." एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने सांगितलं, त्यांच्या भावाला न्यायला माणसं कमी होती, तर या माणसाने कब्रस्तानापर्यंत खांदा दिला आणि नाव न सांगता निघून गेला; ते त्यांना नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मग एकेक जण बोलू लागला. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाची शेजारीण.

रुक्मिणी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला म्हणायचे, फिरायला जातो. पांढरा सदरा घालून कुणी फिरायला जातं का, म्हणून मी चिडवायची त्यांना." आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. राधाने तिला रडू दिलं. मीही रडले, त्यात लपवायचं काय आहे.

आम्ही उठलो तेव्हा गॅलरीत एका तरुणाने राधाला थांबवलं. त्याचे मामा दुपारी मुलुंडला गेले होते. "ताई, उद्याच्या नावांत घ्याल ना?"

राधाने पिशवीतून वही काढली, आणि एक क्षण, फक्त एक क्षण, थांबली. त्या पोराला काही कळलं नाही, मला कळलं. मी म्हणाले, "लिहून घे गं. तुला दारात अडवलं तर अकराला मी वाचते, नोकऱ्यांच्या आधी. मला काढलं तर साडेबाराला अनिरुद्ध आहे, फक्त कागद नीट दे त्याला."

राधाने माझ्याकडे बघितलं. मग त्या पोराकडे वळून म्हणाली, "पूर्ण नाव सांग. सावकाश."